चुकीच्या पॉइंटवरचं खळं

भूत दिसलं, चकवा लागला असं सांगणाऱ्या माणसांची मला पहिल्यापासून किळस आहे. राग नाही, किळसच. मी मोजणी खात्यात एकतीस वर्षं घासलेला माणूस. जमिनीवर आहे ते कागदावर आणायचं, आणि कागदावर नाही ते नाहीच असं समजायचं... एवढंच मला ठाऊक. या सदरातले अनुभव मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि खो खो हसायचो. आता मीच लिहायला बसलोय, तर तुम्हीही हसून घ्या. फक्त जेवताना वाचू नका, एवढी विनंती.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. राहायला धाराशिवलाच. घरी बसून दुसरा उद्योग काय, तर बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवणं. माझी पुतणी सायली पुण्यात एका लहानशा कंपनीत आहे. तंबू ठोकून राहता येईल अशा जागांची यादी करायची आणि ती गाड्यांच्या नॅव्हिगेशनमध्ये, मोबाइलच्या मॅपमध्ये भरायची, हे त्यांचं काम. लोक ती यादी एकदा गाडीत उतरवून घेतात, मग गाडीच बोलते — डावीकडे वळा, उजवीकडे वळा. सायली म्हणाली, "काका, तुम्ही काकूचं डोकं खाण्यापेक्षा आपला जिल्हा करा. जागेवर जायचं, पाणी, सावली, संडास, गाडी वळायला जागा बघायची, फोटो काढायचे आणि मॅपवर पॉइंट टाकायचा."

केलं सुरू. पण खरं सांगतो, मला या तंबूवाल्यांचाही वीट आला. येरमाळ्याच्या पुढं डोंगरात एका झऱ्याजवळ मी मोठ्या हौसेनं पॉइंट टाकला. दोन महिन्यांनी बघतो तर काय! झऱ्यात चिप्सच्या पिशव्या, पोरांचे वापरलेले डायपर, अर्धवट खाल्लेली बिर्याणी आणि त्यावर मुंग्यांची रांग. शी! घरी हे लोक असंच करत असतील का? तो पॉइंट मी त्याच दिवशी काढायला लावला.

तर आता माझी चूक. गेल्या हिवाळ्यात बेंबळीजवळ एका शेतकऱ्यानं चिंचेखाली तंबूची झकास सोय केली होती. मी गेलो, बघितलं, डायरीत नोंद केली. माझी जुनी खोड अशी की मी अजून अंश आणि मिनिटांत लिहितो, आणि सायलीच्या फाइलला लागतात दशांश. घड्याळात साडेदहा वाजले की आपण १०.३० लिहितो, पण खऱ्या गणितात साडेदहा म्हणजे १०.५०, बरोबर? तशीच गफलत. अठरा अंश दहा मिनिटं म्हणजे १८.१६ च्या जरा पुढं. मी सरळ १८.१० ठोकलं. दुसरा आकडाही तसाच. आजकालची पोरं मोबाइलवरून उचलून चिकटवतात, त्यांच्या हातून असं व्हायचंच नाही. हे मोजणीवाल्या म्हाताऱ्यालाच जमतं.

दीड-दोन महिन्यांनी बेंबळीच्या शेतकऱ्याचा फोन. "काका, तुमच्या यादीत माझं नाव हाय म्हनता, पर एक बी गाडी आली न्हाय."

मी सायलीला फोन लावला. ती म्हणाली, "असं कसं? त्या जागेवर चार जणांनी अभिप्राय दिलेत. चारही पाच-पाच स्टार." मग म्हणाली, "काका, मग हे लोक राहिले कुठं?"

आकडे तपासले, चूक सापडली. पॉइंट बेंबळीपासून दहा-अकरा किलोमीटर नैऋत्येला जाऊन पडला होता. धाराशिवहून तुळजापूरकडं निघालं की डाव्या हाताला आत, एका माळावर. सायलीनं पॉइंट लगेच जागेवर आणला आणि ते चार अभिप्राय फोटोंसकट मला पाठवले.

पहिला पुण्याच्या नवरा-बायकोचा. 'इतकी स्वच्छ जागा की चपला काढाव्याशा वाटल्या. जमीन शेणानं सारवलेली, गोल, गुळगुळीत.' दुसरा सोलापूरच्या मोटरसायकलवाल्यांचा. 'मधोमध खांब आहे, त्याला दोरी बांधली. वारा गोड.' तिसरा लातूरच्या एका कुटुंबाचा. 'धोतरवाले एक आजोबा आले. एक पैसा घेतला नाही. उलट निघताना प्रत्येकाच्या ओंजळीत ज्वारी घातली. म्हणाले, खळ्यावर आलेला रिकाम्या हातानं जात नाही.'

आणि चौथा. 'आजोबा फारच प्रेमळ. सगळ्यांना साहेब म्हणतात. गेल्या गेल्या विचारलं, झालं का जेवण, साहेब? आम्ही हो म्हटल्यावर म्हणाले, मग आता खळं बघता का?'

मी मोबाइल पालथा घातला आणि उठून मोरीवर जाऊन तोंड धुतलं. कारण मला तो माळ ओळखीचा वाटायला लागला होता. नकाशावर पॉइंट नीट मोठा करून बघितला आणि शंका उरली नाही. जमिनीचा तो गट मीच मोजलेला होता.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन भावांची वाटणी. मी तिपाई, फळी, साखळी घेऊन गेलेलो. फाल्गुनातलं ऊन, टाळकं तापलेलं. धाकटा भाऊ हरिबा अनवाणी माझ्या मागं मागं. "सायब, तेवढं खळं बघता का? खळं माझ्या वाटनीला ठरलंय, बांध त्याच्या पल्याडनं जातोय." तिकडं थोरल्या भावाच्या घरी बोकड कापलेला, रश्श्याचा वास पार शेतापर्यंत आलेला. मी हरिबाला म्हटलं, "जेवून येतो, मग बघतो."

जेवलो. हाणून जेवलो, लपवत नाही. दोन वाट्या रस्सा नुसता प्यायलो. मग लिंबाखाली जी ताणून दिली ती चार वाजता उठलो. आता कोण उन्हात चालत जाणार? थोरल्यानं बसल्या जागेवरून बोट दाखवलं, "बांध त्यो तिकडनं हाय," आणि मी बसल्या जागेवरून रेघ मारली. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. खळं थोरल्याच्या बाजूला गेलं. खात्यात सगळे असं करत नसतात. मी केलं.

एवढं आठवूनही मी स्वतःला काय सांगितलं माहितेय? की कुणीतरी चेष्टा करतंय. हरिबाच्याच घरचं कुणीतरी. सायलीनं चौघांपैकी दोघांना फोन केले. ते एकमेकांना ओळखत नव्हते, हरिबाचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. लातूरच्या बाईंनी डब्यात जपून ठेवलेल्या ज्वारीचा फोटो पाठवला. बारीक, टणक दाणा. जुनी दगडी ज्वारी. आमच्याकडं ती आता शोधून सापडायची नाही.

मग सकाळी नऊला स्कूटी काढली. मोबाइलमध्ये मुद्दाम जुना, चुकलेला पॉइंट ठेवला. डांबरी संपली, गाडीवाट लागली, आणि पॉइंट अर्धा किलोमीटर राहिला असताना वास आला. वास कसला, थपडच ती. मेलेलं, सडलेलं, आंबलेलं... नाकाला रुमाल लावला तर वास तोंडात शिरला. जिभेवर चव आली हो! मोबाइल म्हणाला, तुम्ही पोचलात.

समोर खड्डा. मेलेल्या कोंबड्यांचा. पोत्यांतून अर्ध्या बाहेर आलेल्या, फुगलेल्या, हिरव्या पडलेल्या. वरून अळ्या अशा वळवळत होत्या की सगळा ढीगच श्वास घेतोय असं वाटावं. बाभळींना पिसं चिकटलेली. एक कुत्रं काहीतरी ओढत होतं, त्यानं माझ्याकडं बघितलं आणि परत कामाला लागलं. खड्ड्याच्या काठाला मधोमध भोक असलेला एक दगड अर्धा उघडा पडला होता. खळ्याचा मधला खांब, तिवडा म्हणतात त्याला, तो रोवायचा दगड. सोलापूरच्या पोरांच्या फोटोत त्याच दगडात खांब उभा होता आणि त्याला तंबूची दोरी होती. मागची टेकडी तीच, शेंडा मोडलेलं बाभळीचं झाडही तेच. फक्त फोटोतली जमीन सारवलेली होती.

मी तिथंच ओकलो. सकाळचा चहा, पोहे, सगळं.

"त्या कडंला बसा, वारं तिकडनं हाय," मागून आवाज आला. नाकाला पदर लावलेली एक म्हातारी. जवळच पत्र्याचं घर होतं, तिथून आली होती. ती हरिबाची बायको केवळाबाई, हे मी बघताक्षणी ओळखलं. तिनंही माझ्याकडं नीट बघितलं.

"तुमी मोजनीवालं सायब न्हवं?"

मी म्हटलं, "नाही. मी तंबूच्या जागा बघतो." आजही हे लिहिताना तोंडात तीच चव येते.

"तंबू?" ती म्हणाली. "व्हय, आलती मानसं. चार खेपा आली. म्या लांबनंच बगितली. ह्या खड्ड्याच्या काठाला तंबू ठोकून बसली व्हती, हसत व्हती, फोटू काढीत व्हती, मांडीवर ताट घिऊन जेवत व्हती! म्हनलं येड लागलं का काय ह्यास्नी. हाका मारल्या, तर एकानं बी वळून बगितलं न्हाय."

"त्यांच्याबरोबर कुणी होतं का? धोतरवाला माणूस?"

"कोन असनार? इथं कुत्र्याबिगर कोन येतंय." मग म्हणाली, "आमच्या मालकाला जाऊन आठ वर्स झाली."

तिनं घरासमोर बसवलं, पाण्याचा तांब्या पुढं केला. माझा हात पुढं होईना. तिला कळलं. "हिरीतलं न्हाय त्ये. लांबनं आनलंय डोक्यावर. प्या."

मग तिनं विहीर दाखवली. खड्ड्यापासून चाळीस पावलांवर. पाण्यावर पिवळट तेलकट साय, त्यावर पिसं. थोरल्या भावाच्या मुलानं पोल्ट्री टाकलेली, रोजची मेलेली कोंबडी इथं आणून ओततो. केवळाबाई त्याच्या पाया पडली, पंचायतीत जाऊन आली. तो नकाशा दाखवून म्हणतो, खळं माझ्या हद्दीत आहे, माझ्या जागेत मी काहीही टाकीन. आणि त्या नकाशावर सही होती माझी.

"मालक व्हते तवर खळं सारवीत व्हते," केवळाबाई सांगत होती. "मळनीयंत्र आलं, खळ्याचं काम न्हाय राह्यलं, तरी सारवायचे. म्या म्हनायची, कागदानं गेलं की आपल्या हातचं, कशाला राबताव? तर म्हनायचे, सायबाची नदरचूक झालीया. जेवून येतो म्हनलेत, येतील. मरस्तवर त्येच. येतील म्हनून."

मी उठलो, येतो म्हटलं आणि निघालो. 'येतो' म्हटलं, बघा. दुसऱ्यांदा.

घरी आलो तर रविवार, आणि बायकोनं मटण टाकलेलं. दारातच तो मसाल्याचा वास आला आणि मी परत मोरीवर. ही घाबरली. "अहो, काय खाल्लंत बाहेर?" मग सगळं सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या, सगळेच करतात. ती शेगडी बंद करून माझ्याकडं बघत राहिली, आणि म्हणाली, "शी! एका जेवणावर?"

त्या एका शब्दानं जे केलं ते अळ्यांनीही केलं नव्हतं. दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. ताट वाढायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची.

मी कार्यालयात लेखी दिलं. अमुक गटाच्या मोजणीच्या दिवशी मी खळ्यापर्यंत गेलोच नव्हतो, हद्द एका बाजूच्या सांगण्यावरून काढली, फेरमोजणी व्हावी. खाली सही. माझा एक जुना सहकारी घरी येऊन समजावून गेला, "अरे, म्हातारपणी कशाला आपल्याच तोंडाला काळं फासतोस? पेन्शनीत काही निघालं म्हणजे? आणि ती बाई आज आहे उद्या नाही." चहा पिता पिता बोलला, बिस्कीट बुडवून. मला त्याचीही किळस आली, आणि मग लक्षात आलं, हा अगदी माझ्यासारखाच बोलतोय.

फेरमोजणीला चार महिने गेले. त्या दिवशी मलाही बोलावलं होतं. मोजणीवाली एक तरुण मुलगी होती, नवं यंत्र घेऊन आलेली. वासानं तिचे डोळे गळत होते, पण खड्ड्याच्या काठापर्यंत जाऊन उभी राहिली. केवळाबाईच्या पोल्ट्रीवाल्या पुतण्यानं दुपारी तिला म्हटलं, "मॅडम, जेवून घ्या की आधी, घरी केलंय." ती म्हणाली, "डबा आणलाय." मला मान वर करवेना.

मोजणी झाल्यावर सगळे गाड्यांकडं गेले. मी चपला काढल्या. लाज वाटत होती, कुणी बघत नाही ना हे दोनदा बघितलं. पायाखाली काय काय होतं ते सांगत नाही. त्या भोकाच्या दगडाजवळ गेलो आणि म्हटलं, "हरिबा, आलो बघा. उशीर झाला." काही झालं नाही. वारा नाही, आवाज नाही. माश्या तेवढ्या घोंघावत होत्या. घरी जाऊन शर्टाचे, पँटचे खिसे उलटे केले, डब्याची पिशवी झटकली. ज्वारीचा एक दाणा निघाला नाही. त्या लोकांना मिळाली, त्यांची पोटंसुद्धा बिघडली नाहीत त्या घाणीत जेवून. मला नाही मिळाली, आणि ते बरोबरच आहे.

खळं केवळाबाईच्या हद्दीत निघालं. खड्डा बुजवायला लावला, वर मुरूम पडला. विहीर दोनदा उपसली, पाणी अजून पिण्याजोगं नाही. ती बाई अजून लांबूनच आणते. मी दर पंधरा दिवसांनी जाऊन बघून येतो. तिला त्या दिवशी खोटं बोललो होतो हेही सांगितलं. ती म्हणाली, "म्या वळखलं व्हतं की. म्हनलं सांगतील कवातरी."

मटण सुटलं ते सुटलंच. वास अजून नाकात आहे, डॉक्टर म्हणतात नाक ठीक आहे. त्या चार गाड्यांतल्या माणसांनी काय बघितलं, कुणाच्या हातून ज्वारी घेतली, आणि माझी दशांशाची चूक अख्खा जिल्हा सोडून नेमकी त्याच खळ्यावर कशी जाऊन पडली, यातल्या कशाचंही उत्तर माझ्याकडं नाही. एकतीस वर्षं आकडे मांडले, हा मांडता येत नाही. तुम्ही हसत असाल तर हसा.

गेल्या आठवड्यात सायलीचा फोन आला. पॉइंट दुरुस्त केला तरी ज्यांनी जुनी यादी गाडीत भरली आहे आणि नवी उतरवली नाही, त्यांची गाडी अजून त्याच माळावर जाते. तसंच कुणीतरी नगरचं कुटुंब जाऊन आलं होतं. सायली वैतागलेली. "काका, त्यांनी एकच स्टार दिलाय. आपल्या जागेला आता तो लागू नाही, काढून टाकू का?"

मी म्हटलं, आधी वाच.

तिनं वाचलं. 'मॅपनं फसवलं. तिथं काहीही नाही, नुसता मुरमाचा भराव आणि कुबट वास. सावली नाही, पाणी नाही. तासभर थांबलो, कुणी साधं जेवलात का म्हणून विचारायलासुद्धा आलं नाही.'

मी सायलीला म्हटलं, तो स्टार काढू नकोस, राहू दे.